मशिनी उठवणारे मामा

मामांचा पेनड्राइव्ह त्यांच्या करदोड्याला बांधलेला असायचा. गावाकडची जुनी माणसं कमरेच्या ज्या काळ्या दोऱ्याला पेटीची किल्ली बांधतात, त्याच दोऱ्याला. कॉम्प्युटरचं काम निघालं की मामा सदरा वर करायचे, पोट आत घ्यायचे, तो निळा पेनड्राइव्ह ओढून बाहेर काढायचे आणि गाठ न सोडताच मशिनीला लावायचे. आता आमच्या शाळेतल्या मशिनी जुन्या. पेनड्राइव्ह लावायची पुढची भोकं केव्हाच मेलेली, चालायची ती फक्त मागची. त्यामुळं मामांना टेबल आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत आडवं शिरून, मशिनीच्या पाठीला कंबर चिकटवून उभं राहावं लागायचं. नवीन सिस्टीम पुरती चढेपर्यंत पेनड्राइव्ह काढायचा नसतो. म्हणजे चांगला तासभर मामा मशिनीला बांधलेले.

इंदापूर तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात मी त्यांना तशा अवस्थेत पाहिलं. मला वाटलं, म्हातारा भिंतीत अडकलाय. मी त्यांचा हात धरून ओढायला गेले.

"हात लावू नगा, बाई!" ते ओरडले. "निम्मं काम झालंय. जरा म्होरं जाऊन बघा, पडद्यावर काय आलंय. मला हितनं दिसत न्हाय."

मी पुढं जाऊन बघितलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं आणि खाली दोन बटणं होती. मी वाचून दाखवलं. मामांनी भिंतीकडं तोंड करून थोडा विचार केला.

"उजवीकडचं दाबा. पर एकदाच दाबा. घाबरल्यालं मानूस दोनदा दाबतंय."

मी दोनदा दाबलं. मामांना तो आवाज भिंतीकडं तोंड असूनही ऐकू गेला. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

गाठ का सोडत नाही, असं मी त्यांना पुढं अनेकदा विचारलं. एकदा सोडली होती म्हणे. गॅदरिंगच्या वेळी कुणीतरी दोन मिनिटांसाठी मागून नेला आणि परत आला तेव्हा त्यात सिस्टीमच्या जागी नाचाची गाणी होती. निदान दोरी तरी लांब करा, असंही मी सुचवून पाहिलं. "लांब दाव्याचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरतं," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. दुपारच्या सुट्टीची घंटा कैक वेळा दहा-दहा मिनिटं उशिरा व्हायची, कारण घंटा देणारा माणूस मशिनीला जुंपलेला असायचा. मुख्याध्यापक व्हरांड्यातून हाक मारायचे, "मामा, घंटा!" आणि आतून उत्तर यायचं, "चढतीय सर, पन्नास टक्के झालीय!"

त्यांचं पद प्रयोगशाळा परिचराचं होतं. म्हणजे शास्त्राच्या काचा धुवायच्या, कुलपं उघडायची, चहा आणायचा आणि घंटा द्यायची. पोरं मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. मूळचे कळसचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांच्या वाट्याला थोडी शेती आली आणि ही नोकरी. मेंढरांबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त कॉम्प्युटर बंद पडला असं ते म्हणायचे नाहीत, मशीन बसली म्हणायचे. चालता चालता एखादं जनावर रस्त्यात बसतं आणि मग त्याला उठवावं लागतं, तशी. "मेल्यालं येगळं, बसल्यालं येगळं," हे त्यांचं पालुपद.

त्या अकरा मशिनी बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीनं जुन्या झाल्या म्हणून शाळेला दिल्या होत्या. देताना नारळ फुटला, फोटो निघाला. कॉम्प्युटर शिकवायला कंत्राटावर एक सर आले, कंत्राट संपल्यावर निघून गेले. मग त्या खोलीला कुलूप लागलं. आत मशिनींवरचं जुनं विंडोज सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागलं, नंतर सुरूच होईना. ही सगळी हकिकत मी यायच्या आधीची. मी आले तेव्हा मामांनी चार मशिनी उठवल्या होत्या आणि पाचवीला बांधून उभे होते.

शिकले कुठं, हा प्रश्न त्यांना सगळे विचारायचे. बारामतीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मामा दर रविवारी सकाळी मोटारसायकलनं तिथं जाऊन उभे राहायचे. नुसते उभे. दुकानदाराला पहिले दोन रविवार वाटलं, गिऱ्हाईक आहे. तिसऱ्या रविवारी वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला माणूस आहे. चौथ्या रविवारी त्यानं स्टूल दिलं. जुन्या मशिनीला नवं विंडोज झेपत नाही, त्यापेक्षा लिनक्स नावाची दुसरी हलकी सिस्टीम टाका, ती फुकट मिळते आणि म्हाताऱ्या मशिनीवरही पळते, हे त्यानंच सांगितलं. पेनड्राइव्हही त्यानंच भरून दिला.

मामांची एक वही होती, तिच्यात हे सगळं शास्त्र त्यांनी मराठीत उतरवून घेतलं होतं. मी ती वाचली आहे. अक्षर गिचमिड, पण मजकूर पक्का. 'मशीन चालू करताच एफ बारा दाबणे. दाबत राहणे. काळा पडदा आला तर घाबरू नये. निळा आला तर मात्र बंद करून चहा प्यावा.' एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, 'घाईत असेल त्याने हात लावू नये.' मी त्यांना चेष्टेनं म्हटलं, "मामा, हे वाक्य माझ्यासाठी लिहिलंय का?" ते हसले नाहीत. "सगळ्यांसाठीच हाय," म्हणाले.

चेष्टा मी केली, पण वाक्य माझ्यासाठीच होतं. मी बारामतीहून रोज अप-डाउन करणारी बाई. पाच दहाची एसटी चुकली तर पुढची पावणेसातला, आणि घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं पथ्य. शाळेत चार वाजले की माझं एक लक्ष घड्याळाकडं असायचं. वर्गातल्या पोरांनाही ते माहीत होतं. कवितेचं शेवटचं कडवं मी वर्षानुवर्षं घाईत शिकवलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मामांच्या मशिनींना आणखी एक खोड होती. आतले सेल संपलेले असल्यामुळं सगळ्या रात्रीतून तारीख विसरायच्या आणि सकाळी कुठल्यातरी जुनाट सालात जाग्या व्हायच्या. मामा रोज प्रार्थनेआधी अकराही मशिनींवर आजची तारीख घालायचे. बाहेर चपला काढून, हात धुऊन, एकेका खुर्चीवर टेकत. पुढं त्यांनी पदरमोड करून नवे सेल आणले. पण तरीही सकाळी एक फेरी मारून तारखा बघायचेच. "इस्वास न्हाय," म्हणायचे.

मशिनींचा एवढा ध्यास कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही भिंतीकडं तोंड करून, सातव्या मशिनीला बांधलेले असताना. मी पडदा वाचायला बसले होते. टक्के हळूहळू वाढत होते आणि दोघांनाही काही काम नव्हतं.

"माझी पोरगी सरकारी भरतीच्या परीक्षेला बसली व्हती, बाई," ते म्हणाले. "अभ्यास चिक्कार केल्याला. पर परीक्षा कॉम्प्युटरवर. तिनं माऊस उलटा धरला. शेपूट आपल्याकडं करून. बाण उजवीकडं न्यायला गेली की जायचा डावीकडं. निम्मा येळ त्यातच गेला. मग शेजारच्या पोरीनं दावलं, तवर हिचा हात थरथराय लागल्याला. थोडक्यात ऱ्हायली. म्होरच्या वर्सी लगीन करून दिलं."

मी म्हटलं, "होतं असं मामा."

"न्हाय, ऐका. ती घरी येऊन मला म्हनली, आबा, तुमच्या शाळंत कॉम्प्युटर हायती, मी धा वर्सं त्याच शाळंत शिकली, मग मला एकदा बी का न्हाय दावला? मी म्हनलं, बाळ, ते बंद हायती." मामांनी भिंतीवर तळवा टेकवला. "बंद न्हवतं, बाई. तवा चालू व्हतं. खोलीला कुलूप व्हतं. मोठ्या सरांनी सांगितल्यालं, पोरं मोडतील, उघडायचं न्हाय. आन किल्ली माझ्याच कमरंला व्हती."

पडद्यावर शंभर टक्के झाले होते. मी सांगितलं. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, कमरेला खोचला आणि फटीतून बाहेर आले. डोळे कोरडे होते. मला मात्र बसच्या वेळेपर्यंत खोलीतून उठता आलं नाही.

अकरावी मशीन उठली त्या दिवशी मामांनी सगळ्या शाळेला शेंगदाण्याचा लाडू वाटला. मग शनिवारी दुपारी ती खोली पोरांसाठी उघडी राहू लागली. मामांच्या शिकवण्याची पद्धत अशी की पहिले दोन शनिवार मशीन चालूच करायची नाही. नुसता माऊस धरायचा. "शेपूट पलीकडं, पाठ वर, बोट हलकं." बंद पडद्यासमोर एका माऊसला तीन-चार जणी, अशा तीस-चाळीस मुली पाळीपाळीनं माऊस धरून गप बसलेल्या असायच्या आणि मामा मागून एकेकीचा हात बघत फिरायचे. मुलं होतीच, पण मुलींना आधी. मुलांच्या हातात घरी मोबाइल असतो, मुलींच्या हातात विळी, असं त्यांचं म्हणणं. दुसरी सिस्टीम आहे, पोरं पुढं विंडोजवर गोंधळतील, असं आमचे गणिताचे सर म्हणाले, तेव्हा मामा म्हणाले, "बैल बदलला म्हनून नांगर धरायचं इसरतंय व्हय कोन?" मी माझ्या प्रश्नपत्रिका तिथंच टाइप करायला लागले.

दीड वर्ष हे चाललं. मग ते पत्र आलं.

शाळेला नवीन संच मिळणार होता, मोठ्या पडद्यासकट. अट एकच: जुना संच आधी निकालात काढलेला असला पाहिजे. त्याला कार्यालयीन भाषेत निर्लेखन म्हणतात. त्यासाठी समिती लागते. समितीत मुख्याध्यापक, तालुक्याहून येणारे तांत्रिक साहेब आणि एक महिला सदस्य. महिला सदस्य म्हणून मी, कारण दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या.

पत्रासोबतचा तपासणीचा तक्ता मामांनीच झेरॉक्स करून आणला, त्यामुळं तो त्यांनी आमच्या आधी वाचला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडं आले.

"बाई, चवथ्या रकान्यात इचारलंय, विंडोज सुरू होते का. होय की न्हाय. आपल्याकडं तर विंडोजच न्हाय. मग काय ल्ह्यायचं?"

"चालू आहेत ना मशिनी? मग झालं."

"दुकानदार म्हंतोय, चार-पाच मशिनींवर जुनं विंडोज टाकून देतो, एका दिवसापुरतं. रडत-खडत चालू हुईल. साहेबाला दिसंल तरी. त्येच्यासाठी आपलं लिनक्स पुसावं लागंल, पोरींचं समदं काम पुसलं जाईल. पर परत टाकीन मी. काय करू?"

ते मला विचारत होते. मी वह्या तपासत होते. मान वर न करता मी म्हटलं, "कशाला उगाच पुसापुशी करताय मामा? मी आहे ना समितीत. मी सांगते साहेबांना."

"तुमी बोलताय?"

"बोलते की."

"मग न्हाय पुसत," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि मलाही बरं वाटलं. फुकटात कुणाला तरी आधार दिल्याचं जे बरं वाटतं, तेच.

तपासणीच्या दिवशी मामांनी खोली शेणानं सारवायची तेवढी बाकी ठेवली होती. अकरा पडदे सुरू, प्रत्येकावर शाळेचं नाव. मामा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. साहेब अकराला यायचे ते सव्वाचारला आले. सकाळपासून चार शाळा करून आले होते, घामाघूम. ते पहिल्या मशिनीपुढं बसले, माऊस हलवला आणि म्हणाले, "स्टार्ट कुठाय?"

"साहेब, हे दुसरं हाय," मामा पुढं झाले. "पर समदं चालतंय. मराठी टाइप हुतंय, चित्र काढता येतंय..."

"मामा," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "साहेबांना चहा सांगा." मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांना नवीन संच हवा होता आणि तोही पोरांसाठीच. मामा निघाले. दारातून जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, मान हलवली, जणू आता तुमची पाळी.

साहेबांनी तक्ता उघडला. चौथा रकाना. विंडोज सुरू होते का? नाही. पुढची मशीन. नाही. असं करत अकरा ओळींत अकरा 'नाही' आले आणि त्यावरून शेवटच्या ओळीत आपोआप 'संच नादुरुस्त' आलं. मी बी.ए., बी.एड., मराठीची शिक्षिका. त्या तक्त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. प्रत्येक 'नाही' खरं होतं. एकूण कागद मात्र धादांत खोटा होता. शेवटी शेऱ्याचा रकाना होता, चांगला चार बोटं रुंद. तो कोरा होता.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा कमी होते. थांब्यापर्यंत चालत दहा मिनिटं.

साहेबांनी सही केली, मुख्याध्यापकांनी केली आणि कागद माझ्यापुढं आला. साहेबांनी विचारलं सुद्धा. "मॅडम, तुमचं काही म्हणणं? शेऱ्यात काही लिहायचंय का?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं. माणूस दमलेला होता, पण भला होता. मी लिहिते म्हटलं असतं, तर त्यांनी पेन माझ्या हातात दिलं असतं. मग मुख्याध्यापकांनी काही विचारलं असतं, मी उत्तर दिलं असतं, साहेबांनी वरच्यांना फोन लावला असता आणि गाडी गेली असती. एवढंच. माझी बदली अडली नव्हती, माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. असता तर आज सांगायला कारण तरी असतं.

"नाही सर," मी म्हटलं आणि सही केली.

पायऱ्यांवर मामा भेटले, हातात चहाचा ट्रे. "झालं?" त्यांनी विचारलं. "बोललासा न्हवं?"

मी मान हलवली. होकारार्थीच हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतंच असं नाही. मी तशीच थांब्याकडं पळाले. गाडी त्या दिवशी अर्धा तास उशिरा आली.

पुढचं झटपट झालं. भंगारात द्यायच्या आधी मशिनींमधला सगळा मजकूर पुसला पाहिजे, असा नियम निघाला आणि पुसायचं येत होतं फक्त मामांना. त्यांनी ते दोन दिवसांत केलं. त्याच फटीत उभं राहून, अकरा वेळा. पडदा वाचायला मला हाक मारली नाही; कोणतं बटण कुठं येतं हे त्यांना आता पाठ होतं. माऊस त्यांनी मागं ओढून घेतला होता आणि गणिताच्या सरांनी पडद्यासमोर आरसा धरला होता म्हणे. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते.

टेम्पोत मशिनी त्यांनी स्वतः ठेवल्या. भंगारवाल्याचा माणूस एकावर एक टाकायला लागला तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "हळू, भाऊ. चालू हायती त्या." त्या माणसाला ते चेष्टेचं वाटलं आणि तो हसला.

मोठा पडदा आला. भिंतीवर लावला. महाग वस्तू, म्हणून त्याला हात लावायचा तो शिक्षकांनीच. पोरांनी बसून बघायचं. कॉम्प्युटर मंजूर आहेत, येणार आहेत, असं मी ती शाळा सोडेपर्यंत ऐकत होते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मुली सरळ घरी जाऊ लागल्या.

मामांनी भांडण केलं नाही की तक्रार. ते बोलायचेच कमी झाले. घंटा मात्र आता मिनिटावर व्हायची. सदरा वर झाला तरी करदोड्याला पेनड्राइव्ह दिसेना. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी..." तर त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "जाऊ द्या बाई. तुमी तुमचं काम केलं. एकट्या किती लडनार?"

तिथं मला बोलता आलं असतं. दुसरी संधी होती ती. मी 'हो ना' म्हटलं.

मग त्यांनी ते सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. समितीत एकट्या बाई बोलल्या. स्टाफरूममध्ये, चहाच्या टपरीवर, पालकसभेत. मुख्याध्यापकांना खरं माहीत होतं, पण त्यांनीही ते कधी खोडलं नाही. गावातली माणसं मला वाटेत थांबून नमस्कार करू लागली. एका पालकानं भेंडीची पिशवी आणून दिली, ती मी घेतली आणि तिची भाजी केली. मामांच्या निरोपसमारंभात सगळे बोलले, शेवटी ते बोलायला उभे राहिले. तीनच वाक्यं बोलले. नोकरी दिली म्हणून संस्थेचे आभार. काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आणि तिसरं, "ह्या शाळंत माझ्या मशिनींसाठी एकच मानूस साहेबाम्होरं उभं ऱ्हायलं, त्या बाईस्नी माझा नमस्कार." टाळ्या वाजल्या. मी पदर सारखा केला.

पुढं मला बारामतीच्या शाखेत बदली मिळाली. मामांना हृदयाचा त्रास सुरू झाल्याचं कानावर आलं. जाऊन भेटेन म्हणत म्हणत दोन दिवाळ्या गेल्या, आणि एका सोमवारी गणिताच्या सरांचा फोन आला की मामा गेले.

दहावा झाल्यावर मी कळसला भेटायला गेले. दुपारची वेळ, घराला पत्र्याचा सोपा, बाहेर मांडव सोडलेला. मामांचे भाऊ बसले होते, ते चार शब्द बोलून रानात पाणी धरायला गेले. मग आतून एक बाई आली, तिशीतली, मामांसारखंच कपाळ. मी कोण ते सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझे पाय धरले. मला मागं सरकायलाही जागा नव्हती.

"तुमीच त्या बाई," ती म्हणाली. "आबा शेवटपातुर तुमचं नाव घ्यायचे. दवाखान्यात बी शेजारच्या पेशंटला सांगत व्हते."

हीच ती. मी तिच्या हातांकडं बघितलं. काम करून खरबरीत झालेले, नेटके हात होते. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून नीट केला आणि थोडी लाजत म्हणाली, "बाई, एक इचारू का? आबास्नी ठावं न्हवतं, ते तवा चा आनाय गेल्याले. म्हनायचे, बाई लई चांगल्या बोलल्या असनार, मराठीच्या हायती. माझी थोरली आता आठवीत हाय, तिला मी सांगत असती. पर ती म्हनती, आई, त्या काय बोलल्या ते तर सांग. काय बोलला व्हता वो तुमी?"

खरं सांगायला ह्याच्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. घरात आम्ही दोघीच होतो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.

मी बोलले. "मी म्हटलं, साहेब, चौथ्या रकान्यात नाही लिहा, ते खरं आहे. पण शेऱ्याच्या रकान्यात माझं म्हणणं लिहा. ह्या अकराही मशिनी चालू आहेत. ह्यांच्यावर दुसरी सिस्टीम आहे आणि ती ह्या शाळेच्या परिचरानं स्वतः शिकून चढवली आहे. दर शनिवारी चाळीस मुली इथं बसतात. त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी हे यंत्र कुणी पाहिलेलंही नाही. उद्या त्या परीक्षेला जातील तेव्हा त्यांचा हात थरथरणार नाही, एवढंच ह्या खोलीचं काम आहे. नवीन संच येईल तेव्हा येऊ द्या. तोवर ह्या काढू नका. आणि काढायच्याच असतील, तर मी ह्या कागदावर सही करणार नाही."

एकही शब्द अडखळला नाही. इतकं चांगलं मी वर्गातसुद्धा कधी बोलले नव्हते. आवाज सुद्धा योग्य ठिकाणी चढला. ती तोंडाला पदर लावून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग डोळे पुसून, सरळ मनानं, कसलाही आळ न घेता तिनं विचारलं, "मग बाई, आबा म्हनायचे कागदावर तिघांच्या बी सह्या व्हत्या. सही कशी काय केली तुमी?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. मग तिनंच मला सोडवलं.

"करावीच लागली असंल," ती म्हणाली. "बाईमानसाचं कोन ऐकतंय?"

"हो," मी म्हटलं.